नितीनचा आठवडा

शनिवार, ११ जानेवारी २०२५. राहुरी.

सकाळी सहा वाजता १०.४ अंश. आकाश निरभ्र. वारा नाही.

विद्यापीठाच्या वेधशाळेत एकतीस वर्षं हेच लिहीत आलो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी हाताला वळण तेच. आधी हवामान, मग बाकीचं.

उद्या निघायचं. राहात्याच्या अलीकडे हायवेला लागून सप्तरंग नगरी आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, पाळणे, बर्फघर, सगळं एका आवारात, आणि मागच्या बाजूला सभासदांना राहायला खोल्या. माझ्या मुलानं, नितीननं, २०२१ साली तिथलं सभासदत्व घेतलं होतं. दरवर्षी जानेवारीचा दुसरा आठवडा आपला. असं पंचवीस वर्षं. मी म्हणालो होतो, थंडीत पाण्यात कोण जातं? तो म्हणाला, "म्हणून तर गर्दी नसते, आबा."

दोन वर्षं जानेवारीत आम्ही गेलो. २०२२ आणि २०२३. २०२३च्याच ऑगस्टात तो ऑफिसात खुर्चीत बसल्याबसल्या गेला. छत्तीस वर्षांचा होता. मागच्या जानेवारीत आठवडा तसाच वाया गेला, घरात कुणी नाव काढलं नाही.

यंदा मीच विषय काढला. माझी बायको भागिरथी म्हणाली, "कशाला? हौस कुनाला हाय?" पण सूनबाई, यशोधरा, लगेच हो म्हणाली. मला बरं वाटलं. ती इथं रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते आणि दर शनिवारी डायलिसिसच्या ट्रेनिंगला संगमनेरला जाते. तिकडं तिची आई असते, म्हणून आमच्या नातीला, बोधीलाही नेते. ट्रेनिंग सहा महिन्यांचं होतं, आता नववा चालू आहे. आजही दोघी संध्याकाळी परतल्या तेव्हा चेहऱ्यावर तजेला होता. कामात राहिलं की माणूस सावरतं. मी तिला नोकरीला कधी अडवलं नाही, याचं आज समाधान वाटतं.

तिथं एक काम उरकायचं आहे. सभासदत्व अजून नितीनच्याच नावावर आहे. ते यशोधराच्या नावावर करून खाली आम्हा तिघांची नावं लावायची. म्हणजे अजून एकवीस वर्षं जाता येईल. तेव्हा मी त्र्याऐंशीचा असेन आणि बोधी एकोणतीसची.

रविवार, १२ जानेवारी. सप्तरंग नगरी.

दुपारी २६. ढग नाहीत.

बसनं राहाता, तिथून रिक्षा. फाटकावरचा प्लास्टरचा राक्षस तसाच तोंड वासून आहे, त्याच्या जिभेवरून आत जायचं. बोधी पहिल्या वर्षी तिथं रडली होती, तेव्हा नितीननं तिला खांद्यावर घेऊन आत नेलं होतं. आज ती सरळ चालत गेली.

खोली ११४ मिळाली. मी फोनवर तीच मागितली होती. दोन खोल्या, मध्ये सोफा, चहापुरतं स्वयंपाकघर. मोठ्या खोलीत ते तिघं झोपायचे, लहान खोलीत आम्ही दोघं. या वेळीही तसंच ठेवलं. नितीनचा फोटो मी घरून गुंडाळून आणला होता, तो मोठ्या खोलीत टीव्हीशेजारी, पलंगासमोर ठेवला. त्यालाही आपल्यात असल्यासारखं वाटलं पाहिजे.

यशोधरानं थोडा वेळ फोटोकडे बघितलं आणि आपली चादर उचलून सोफ्यावर टाकली. गादी फार मऊ आहे, पाठ दुखते म्हणाली. बोधीही तिच्याजवळ गेली. मोठी खोली रिकामीच राहिली.

सगळ्या आवारात मिळून आम्ही धरून चार कुटुंबं. लाटांच्या तलावात ठरल्या वेळी भोंगा वाजतो आणि मशीन लाटा सोडतं. आज लाटा सुटल्या तेव्हा पाण्यात कुणीच नव्हतं.

सोमवार, १३ जानेवारी.

सकाळी ९.८. तलावाचं पाणी १७ (थर्मामीटर दोरीला बांधून सोडला).

बोधी अकरा वाजता पाण्यात उतरली. ओठ निळे पडले तरी बाहेर येईना. मग खाली वाकून तिनं आख्खं तोंड बुडवलं, वर आली आणि म्हणाली, "आजोबा, आधी तोंड बुडवायचं, मग थंडी पळते. करणकाकांनी सांगितलंय." करणकाका कोण, विचारलं. "आईच्या ट्रेनिंगचे."

यशोधरा गुडघाभर पाण्यात उभी होती आणि फोनवर बोलत होती. बराच वेळ. एकदा हसली. तिचं हसणं मी विसरलोच होतो. मी बघतोय हे लक्षात आल्यावर ती पाठ करून उभी राहिली. लॅबमधलं कुणी असेल, सुट्टीतही पिच्छा सोडत नाहीत.

मी टॉवेल घेऊन खुर्चीत बसून होतो. समोर मोठ्या घसरगुंडीचा मनोरा आहे, त्रेसष्ट पायऱ्यांचा. दोन्ही वर्षी नितीन मला त्यावर चढवायला बघत होता. दुसऱ्या वर्षी तर हाताला धरून पायथ्याशी घेऊन गेला. मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. लोकांसमोर चड्डीवर घसरत यायची मला लाज वाटली होती. नितीन एकटा वर गेला, आणि खाली येऊन पाण्यातून वर आल्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडेच बघितलं.

मंगळवार, १४ जानेवारी.

सकाळी १०.१.

संक्रांत. आम्ही करत नाही, पण नाश्त्याला हॉटेलवाल्यांनी सगळ्यांना तिळाचे लाडू दिले. भागिरथीनं तिचा लाडू पदराच्या टोकात बांधून ठेवला.

सभासद कक्षात गेलो. तिथल्या सीमा मॅडम चांगल्या बोलल्या. नितीनच्या मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, सगळं मी फायलीत लावून नेलं होतं. फक्त पत्नीची सही हवी म्हणाल्या. फॉर्म मी माझ्याच अक्षरात भरला. यशोधरा नितीन शिरसाठ. खाली भीमराज शिरसाठ, भागिरथी शिरसाठ, संबोधी नितीन शिरसाठ.

यशोधराला बोलावलं. तिनं पेन घेतलं, फॉर्म पूर्ण वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"आबा, हे नंतर करू."

"नंतर कशाला? इथं आहोत तोवर होऊन जाईल."

"एकवीस वर्षं आहेत यात."

"हो, मग?"

 सीमा मॅडम कॉम्प्युटरकडे बघायला लागल्या. "मला जरा वेळ द्या," एवढं म्हणून ती बाहेर गेली.

कागदपत्रांना ती घाबरते. नितीन गेल्यावर सह्या करून करून बिचारी थकली होती. मी फॉर्म फायलीत ठेवला. शनिवारपर्यंत वेळ आहे.

संध्याकाळी भागिरथी आणि यशोधरा बाहेरच्या बाकावर हळू आवाजात बोलत होत्या. मी गेल्यावर थांबल्या. भागिरथी म्हणाली, भाजीत सोडा जास्त पडतो इथं, तेच बोलतोय.

बुधवार, १५ जानेवारी.

सकाळी ११.६. ऊन चांगलं. दिवस बरा गेला.

सकाळी एक पाहुणा आला. करण साळवे, संगमनेरचा, डायलिसिस टेक्निशियन. यशोधराला ट्रेनिंग देणारा तोच. वय पस्तीस-छत्तीस, अंगानं बारीक, चष्मा. भागिरथी म्हणाली, "शिर्डीला कामानिमित्त आल्ता, मीच म्हनलं जेवायला ये." तिच्याकडे त्याचा नंबर कसा, ते विचारायचं राहून गेलं.

आल्याबरोबर जयभीम घातला. खोलीत शिरण्याआधी चपला बाहेर काढल्या. फोटोपुढे हात जोडून बराच वेळ उभा राहिला. हल्लीची माणसं एवढं करत नाहीत.

दुपारी खेळघरात कॅरम खेळलो. दोन्ही डाव मी जिंकलो. दुसऱ्या डावात राणी त्यानं मुद्दाम सोडली असं मला वाटतं. वेधशाळेचं विचारत होता. पर्जन्यमापक कसा वाचायचा, दवबिंदू म्हणजे काय. नुसतं तोंडदेखलं नाही, मधे मधे प्रश्न घालत होता. मला कुणी एवढं विचारल्याला किती दिवस झाले. मी सुमारे तासभर बोललो असेन.

नंतर बोधीला पाठीवर तरंगायला शिकवलं. तिच्या डोक्याखाली एक हात धरून, "मी सोडतोय, सोडू का?" असं प्रत्येक वेळी विचारून सोडायचा. चौथ्या वेळी ती तरंगली. यशोधरा काठावर बसून टाळ्या वाजवत होती.

जेवताना वेटर आला तर बोधी म्हणाली, "ह्यांच्या कोशिंबिरीत टोमॅटो घालू नका, ह्यांना चालत नाही." पोरांचं लक्ष कुठं कुठं असतं.

जाताना मी त्याला म्हणालो, राहुरीला घरी या, संकोच करू नका. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. काहीतरी बोलायचं असावं. भागिरथीकडे बघितलं आणि गेला.

यशोधराला सख्खा भाऊ नाही. असा एखादा माणूस तिच्या मागे असावा.

गुरुवार, १६ जानेवारी.

तापमान बघितलं नाही.

जसं घडलं तसं लिहितो.

चार वाजता भागिरथी म्हणाली, जरा चला. तलावाला वळसा घालून एक उथळ कालवा काढलाय, त्यात रबरी ट्यूबवर बसून लोक फिरतात. त्याच्या काठी बाकावर बसलो. रिकाम्या ट्यूबा एकामागून एक समोरून जात होत्या.

"कालचा पोरगा कसा वाटला?" तिनं विचारलं.

"चांगला आहे. का?"

"यशोधरीला त्यो पसंत हाय. त्यालाबी ती."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, पसंत म्हणजे?

"म्हंजे लगीन. आता इचारताय काय येड्यावानी."

 ती सांगत राहिली. त्याची बायको तीन वर्षांपूर्वी सोडून गेली, फारकत झाली. मूलबाळ नाही. घरी आई आहे. बोधीला सांभाळीन म्हणतो. यशोधराला संगमनेरच्याच दवाखान्यात काम मिळतंय. मार्चमध्ये करायचं म्हणतात.

"तुला कधीपासून माहितेय?"

"दिवाळीपासून. तिनं आधी मलाच सांगितलं. लई रडली. मला म्हनली, आई, तुमी न्हाई म्हनला तर मी न्हाई करनार."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्या म्हनलं, कर."

तिनं हे ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मला अजून ऐकू येतोय. भाजी आणायला सांगावं तसा. आपल्या पोटच्या पोराची बायको दुसऱ्याच्या घरी चालली आणि हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. काल त्याला जेवायलाही हिनंच बोलावलं होतं. मी त्याला बघावं, पारखावं, मग सांगायचं, असं दोघींचं ठरलं होतं. मी तासभर दवबिंदू समजावत बसलो आणि या दोघी बाजूच्या टेबलावरून मला बघत होत्या.

रात्रीच्या जेवणाला सगळे बसलो. मी बोलणार नव्हतो. यशोधरानं माझ्या ताटात पोळी वाढली आणि "आबा" म्हणाली. तेवढंच म्हणाली. आणि माझ्या तोंडून सुटलं.

मी म्हणालो, "माझ्या पोरानं घेतलेल्या खोलीत परका माणूस आणून बसवलास. त्याच्या फोटोसमोर. दोन वर्षं तरी धीर धरायचा होता."

हॉलमध्ये आणखी दोन कुटुंबं होती, त्यांनी वळून बघितलं. यशोधरानं खाली बघितलं नाही. तिनं हात पुसले. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. मी बोधीकडे वळलो आणि म्हणालो, "आणि तू. तुझा बाप कोण होता ते विसरू नको. त्या परक्याच्या मागं मागं पळतेस."

आठ वर्षांची पोर. तिनं हातातला घास ताटात ठेवला. "आजोबा, मी काय केलं?" असं तिनं विचारलं. रडून नाही. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

 यशोधरा तिला उचलून घेऊन गेली. एवढ्या मोठ्या पोरीला कडेवर.

शुक्रवार, १७ जानेवारी.

सकाळी सातला उठलो तेव्हा सोफा रिकामा होता. चादरी घडी करून ठेवल्या होत्या. सहाच्या बसनं दोघी संगमनेरला यशोधराच्या आईकडे गेल्या. भागिरथीनंच त्यांना फाटकापर्यंत सोडलं.

मी म्हणालो, "मला उठवायचं तरी."

"काय बोलनार हुता उठून?"

मी बरोबर आहे असं मला कालपर्यंत वाटत होतं. आजही थोडं वाटतं. दीड वर्षात मी तिला काय कमी पडू दिलं? बोधीच्या शाळेचं बघितलं. तिला नोकरी करू दिली. दर रविवारी सकाळी फोटोसमोर सगळ्यांनी बसायचं, वंदना म्हणायची, नितीनची एक आठवण प्रत्येकानं सांगायची, हा नेम मी एकदाही मोडू दिला नाही. घरात त्याची कुठलीही वस्तू हलू दिली नाही. तिच्या कपाटातले त्याचे शर्टही नाही.

हे मी भागिरथीला बोलून दाखवलं. ती चहा करत होती. तिनं गॅस बंद केला.

"तिच्या संगं तुमी कदी बोललाव?" ती म्हणाली. "चहा झाला का, पोरीचा डबा भरला का, किल्ली कुटं हाय. याच्या म्होरं काय? त्या आटवनी सांगून सांगून ती पार रिकामी झाली. मागल्या म्हैन्यात न्हानीत बसून हुती, नळ सोडून. म्या दार वाजवलं तर म्हनली, आई, उद्या रविवार हाय, मला नवी आटवन सापडत न्हाई."

मी म्हणालो, "मग सांगायचं मला."

"कसं सांगावं? तुमी लिवत बसता."

ती बाहेर निघून गेली. थोड्या वेळानं खिडकीतून बघितलं तर ती कालव्याच्या काठावर पाण्यात पाय सोडून बसली होती, लुगडं पोटरीपर्यंत वर धरून. एकटीच. पदराची गाठ सोडून लाडू खात होती. मला तिचा राग आला. आजच्या दिवशी हिला गोड कसं खावंसं वाटतं, कळत नाही.

दुपारी मी मनोऱ्याकडे गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. शर्ट-पँट घालूनच पायऱ्या चढलो. चाळिसाव्या पायरीला छाती भरून आली, कठडा धरून उभा राहिलो, मग पुन्हा चढलो. वर जीवरक्षक होता, गोरक्ष नावाचा, शिट्टी गळ्यात घातलेला मध्यम वयाचा माणूस. स्वेटर घालून उन्हात बसला होता.

"बाबा, कुनीकडं?"

मी म्हणालो, मला खाली जायचंय. यातनं.

त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, कपड्यांकडे बघितलं. "वय किती?"

"बासष्ट."

"साठच्या वर सोडत न्हाई, बाबा. नियम हाय. तुमाला काय झालं तर माजी नोकरी जाईल."

मी त्याला सांगितलं की माझा मुलगा दोनदा इथून गेला होता, मला बोलावत होता. तो कुठं आहे आता, गोरक्षनं विचारलं. मी सांगितलं. त्यानं शिट्टी गळ्यातून काढून हातात घेतली. आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "बसा जरा. पर सोडता येनार न्हाई."

मी बसलो. वरून सगळं दिसतं. ऊस, हायवे, लांबवर मंदिराकडे जाणाऱ्या गाड्या. खाली निळ्या नळीचं तोंड, त्यातून पाणी नुसतंच वाहत होतं.  अर्ध्या तासानं मी उठलो आणि आलो तसा पायऱ्यांनी खाली उतरलो.

शनिवार, १८ जानेवारी.

सकाळी १२.०.

दहाला खोली सोडली. चार माणसांचं सामान नेलं होतं, दोघांनी परत आणलं, कारण त्या दोघींनी फक्त एक पिशवी नेली होती. सीमा मॅडमनी विचारलं, सहीचं काय झालं? मी म्हणालो, कळवतो.

बसमध्ये भागिरथी खिडकीशी बसली आणि राहुरी येईपर्यंत बाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. रस्ता खराब आहे.

रविवार, २ फेब्रुवारी. राहुरी.

मधे काही लिहिण्यासारखं झालं नाही. यशोधरा आईकडेच आहे. बोधीची शाळा बुडते म्हणून मी भागिरथीला फोन करायला लावला, तर तिकडच्या शाळेत घातल्याचं कळलं. तीच बोलली. फोन मला दिला नाही, मीही मागितला नाही.

आज सकाळी फोटोसमोर आम्ही दोघंच होतो. वंदना झाली. आठवण सांगायची वेळ आली तेव्हा भागिरथी उठून स्वयंपाकघरात गेली. मी एकटाच बसलो. मला मनोऱ्याची आठवण सांगायची होती. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून सांगितली नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी.

दुपारी ३१. उन्हाळा लागला.

यशोधरा आली होती. एकटीच, टेम्पो घेऊन. तिचं कपाट, बोधीची पुस्तकं, सायकल. मी ओसरीवर खुर्ची टाकून बसलो होतो. तिनं खाली वाकून पाया पडल्यासारखं केलं. मी पाय मागे घेतले नाहीत, पण आशीर्वादही दिला नाही.

नितीनचे शर्ट तिनं कपाटातून काढून पलंगावर नीट रचून ठेवले. एक निळा हातात धरून बाहेर आली.

"आबा, हा मी नेऊ का? बोधीसाठी."

मी मान हलवली.

सामान भरून झालं. ती दारात उभी राहिली. मला वाटलं आता जाईल. पण ती माझ्यासमोर खाली पायरीवर बसली.

"नऊ मार्चला आहे," ती म्हणाली. "संगमनेरला, विहारात. पंचवीस-तीस माणसं. आई येणार आहेत."

"हं."

"त्या दिवशी तुम्ही मला बोललात ते मी सोडून देईन. मला बोलायचा तुम्हाला हक्क आहे असं मी धरून चालते. बोधीला बोललात ते नाही सोडता येत. ती महिनाभर विचारत होती, करणकाकांबरोबर पोहले म्हणून पप्पांना राग आला का."

मला तिच्याकडे बघवेना. मी टेम्पोतल्या सायकलकडे बघत होतो.

"तरी तुम्ही या," ती म्हणाली. "माझे वडील नाहीत. माझ्या बाजूनं कुणी मोठं माणूस उभं राहावं असं मला वाटतं. तुम्हाला जमणार नसेल तर आईंना सांगा, मी मामांना सांगेन. पण आधी तुम्हाला विचारायचं होतं."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. ती उठली.

 

शनिवार, ८ मार्च.

अजून ठरत नाही. भागिरथीनं माझा पांढरा सदरा धुऊन इस्त्री करून खुंटीला लावलाय. मी विचारलं, कशाला? म्हणाली, "आसूं द्या. धुतला म्हनून काय जायलाच पायजे आसं न्हाई."

रविवार, ९ मार्च. संगमनेरहून परत आल्यावर.

गेलो.

भागिरथी पहाटे एकटी निघाली. मी तिला स्टँडवर सोडलं आणि घरी आलो. नऊ वाजेपर्यंत बसलो. मग सदरा घातला आणि स्टँडवर गेलो. बस मिळायला वेळ लागला, संगमनेरला पोचायला साडेबारा झाले. विहार कुठं ते माहीत नव्हतं, दोघांना विचारलं.

पोचलो तेव्हा विधी होऊन गेला होता. यशोधराच्या बाजूला तिचे मामा उभे राहिले होते. मांडवात जेवणं चालू होती. मी बाहेर, जिथं चपला काढल्या होत्या तिथं थांबलो. आत कसं जावं कळेना. करणनं मला बघितलं. तो लगबगीनं आला, जयभीम घातला, आणि मला काही बोलायला न लावता पाण्याचा पेला हातात दिला. यशोधरा लांबून बघत होती. पांढरी साडी, निळे काठ. ती जागेवरून हलली नाही. मग तिनं मान थोडी लववली. मीही लववली.

उशीर झाला असं मला कुणीच बोललं नाही. कुणीतरी बोलायला हवं होतं असं वाटतं.

पंगतीत बसलो. भागिरथी वाढत होती, जणू घरचंच कार्य. माझ्या ताटात तिनं भात वाढला आणि पुढे गेली.

मग बोधी आली. निळा फ्रॉक, केसांत गजरा. दोन महिन्यांत उंच झाली आहे. तिच्याबरोबर तिच्याएवढीच एक मुलगी होती, करणची भाची. दोघींच्या हातांत जिलेबीच्या थाळ्या होत्या. माझ्यासमोर आल्यावर बोधी थांबली. मला तिला खूप काही सांगायचं होतं. मी बसमध्ये ते जुळवून आणलं होतं, की त्या दिवशी तू काही केलं नव्हतंस, तुझे पप्पा रागावलेले नाहीत, मी चुकलो. पण माणसं शेजारी बसली होती आणि माझ्या तोंडात घास होता.

तिनं मला दोन जिलेब्या वाढल्या. काळजीनं, ताटाबाहेर पाक सांडू न देता.

त्या मुलीनं विचारलं, "हे कोण गं?"

बोधीनं जरा विचार केला. तिच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता, राग नव्हता. शाळेत सरांनी प्रश्न विचारल्यावर बरोबर उत्तर शोधावं तसा विचार केला.

"हे माझे आधीचे आजोबा," ती म्हणाली.

ती मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "नमस्कार, आजोबा."

मी घास गिळला आणि म्हणालो, "नमस्कार."

दोघी पुढच्या ताटाकडे गेल्या.